बाबांच्या हातातला माऊस

अर्जुनीतला कॉम्प्युटर क्लास बंद पडला तेव्हा मी तिथे शिकवत होते. मालक गोंदियाचा. बऱ्या मशिनी त्याने टेम्पोत भरून नेल्या आणि उरलेल्यांकडे हात करून म्हणाला, "ये सब कबाड है मैडम. आपको चाहिए तो रख लो, नहीं तो भंगारवाले को बुलाता हूँ." मी ठेवून घेतल्या. बंद पडलेले मदरबोर्ड, पिवळे पडलेले कीबोर्ड, बॅटरी अजून तग धरून असलेले दोनेक यूपीएस, पोतंभर माऊस आणि लॅनच्या वायरीचं एक भलंमोठं भेंडोळं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून मी ते सगळं घरी आणलं. आमचं गाव केशोरीच्या वाटेवर आहे.

बाबा सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, खाटेवर बसले होते. ट्रॉलीतून एकेक डबा उतरताना त्यांनी पाहिला आणि ट्रॅक्टरवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लोकाइच्या पोरी नवरा आनतेत. आमची कबाड घेऊन आली."

ट्रॅक्टरवाला हसला. मला आलेली स्थळं बाबांनीच हाकलली होती. एकांना तर पाण्याचा गडवासुद्धा पुढे केला नव्हता. पण ते बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती. मी डबे उचलले आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवले.

बाबा एका राइस मिलमध्ये मुकादम होते. मिलचं यंत्र चालू असताना माणसाला माणूस ऐकू येत नाही, पण बाबांचा आवाज त्या यंत्राच्या वर चढायचा. पोती भरणाऱ्या बाया त्यांच्या एका हाकेत मान वर करायच्या. तोच आवाज ते घरी आणत. मायला त्यांनी कधी कशानेच हाक मारली नाही. नुसतं "ए" म्हणत. दुसऱ्यांदा "ए" म्हणायची पाळी आली तर समोरचं ताट अंगणात जायचं, आणि माय कुत्र्यांच्या आधी जाऊन भात गोळा करायची. मी लहान होते तेव्हा मला वाटायचं की सगळ्याच घरांत अंगणात भात सांडतो.

मागच्या खोलीत बसून मी त्या भंगारातून वस्तू बनवायला लागले. काम सुटलं होतं आणि हात रिकामे होते, एवढंच कारण. कॉम्प्युटरच्या डब्यातले पंखे बारा व्होल्टवर चालतात. त्यातले दोन मी स्वयंपाकघराच्या झरोक्यात बसवले, त्यांना जुन्या पॉवर सप्लायची जोड दिली, आणि चुलीचा धूर बाहेर जायला लागला. माय पहिल्या दिवशी चुलीपुढे बसून वर झरोक्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "माहे डोळे नाही झोंबत वो आज." माझ्या कुठल्याही कामाचं तिने केलेलं ते एवढंच कौतुक. मला ते खूप होतं.

त्या थंडीत आमची एक कोंबडी मुंगसाने नेली. मागे चिवचिवणारी पिल्लं राहिली. आईविना पिल्लं थंडीत जगत नाहीत. मी कॉम्प्युटरचा रिकामा डबा घेतला, आडवा केला, तळाशी धानाचा कोंडा पसरला, आत पिवळा बल्ब लावला. पत्र्याचा डबा ऊब चांगली धरतो, आणि मागची जाळी असल्यामुळे हवा खेळती राहते. पिल्लं बल्बखाली एकमेकांना चिकटून बसली. माय येता-जाता डब्यापाशी वाकून पाहायची, कधी कण्या टाकायची. दोघीजणी असं काहीतरी मिळून करत आहोत, असं त्या दिवसांत वाटायचं.

एका सकाळी मी उठले तर डबा अंधारा होता. पिन बोर्डातून काढून वायर डब्यावर टाकलेली होती. पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढून ताठ झाली होती. मी बाबांना विचारलं. ते दात घासत होते. सावकाश चूळ भरली, थुंकले आणि म्हणाले, "कोंबडीच्या पोराइले लाईट पाह्यजे? उद्या पलंग पाह्यजे म्हणतीन."

"मेली ना ती सगळी."

"मंग खाऊन टाका."

माय पिल्लं पदरात घेऊन घरामागच्या बाडीच्या टोकाला गेली आणि खड्डा करून पुरून आली. परत आल्यावर तिने हात धुतले आणि बाबांचा चहा मांडला. त्या सकाळी मला बाबांपेक्षा तिचाच जास्त राग आला होता.

पुढच्या उन्हाळ्यात बाबांना लकवा मारला. विहिरीवर अंघोळ करताना पडले. गोंदियाला नेलं. तिथे माझा भाऊ असतो, त्याचं मोबाइल ॲक्सेसरीजचं दुकान आहे आणि बायको तिकडचीच, हिंदी बोलणारी. दवाखान्यातून परत आणलं तेव्हा बाबांची उजवी बाजू गेलेली होती आणि आवाज गेला होता. कान शाबूत, डोळे शाबूत, डोकंही शाबूत असावं. तोंडातून मात्र फक्त घरघर. भावाने गाडीतून उतरवून सपरीतल्या खाटेवर ठेवलं आणि मायला म्हणाला, "आता तूच सगळं पाह्यजो." जणू आजवर दुसरं कुणी पाहत होतं.

"ए" म्हणता येत नाही म्हटल्यावर बाबांनी डावा हात वापरायला सुरुवात केली. हाताशी जे असेल ते फेकायचे. वाटी, औषधाची बाटली, चप्पल. आवाज झाला की माय धावत यायची. एकदा स्टीलचा गिलास फेकला तो येणाऱ्या मायच्या कपाळाला लागला. भुवईच्या वर खोक पडली. केशोरीच्या दवाखान्यात टाके घालून घेतले. नर्सने विचारलं कसं लागलं, तर माय म्हणाली, "दाराची चौकट लागली." मी शेजारी उभी होते.

त्या दिवशी परत आल्यावर मी बेल बनवायला बसले. बाबांसाठी नाही, मायच्या कपाळासाठी. एका माऊसचं डावं बटन शाबूत होतं. त्याच्या आत एक छोटा स्विच असतो, नखाएवढ्या जोराने टक्कन दबणारा. मी त्याच्यावर थेट वायरी सोल्डर केल्या. यूपीएसमध्ये लाईट गेली की टीं टीं करणारा बझर असतो, तो काढला. बॅटरी त्याच यूपीएसची, म्हणजे गावात लाईट असो नसो, बेल वाजणार. बझर स्वयंपाकघरात चुलीच्या वर खिळ्याला टांगला. वायर भिंतीवरून सपरीत आणली आणि माऊस बाबांच्या डाव्या हातात दिला.

"हे दाबा बाबा. फेकू नका आता. दाबलं की माय येते."

त्यांनी दाबलं. आत टीं करून आवाज झाला. माय पदराला हात पुसत दारात आली, कपाळावर पट्टी. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या माऊसकडे पाहिलं. तोंडाची एक बाजू हलली. लकवा झाल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

त्यानंतर त्यांनी खरंच काही फेकलं नाही. पण बेल थांबली नाही. माय भाकरी थापायला बसली की टीं. अंघोळीला गेली की टीं. जेवायला बसून पहिला घास घेतला की टीं, आणि ती घास तसाच ताटात ठेवून उठायची. गेली की कधी पाणी हवं असायचं, कधी कूस बदलायची असायची. बहुतेक वेळा काहीच नसायचं. ती समोर उभी राहिली की ते तिच्याकडे पाहायचे, आणि बोटाने जा म्हणायचे. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचली की पुन्हा टीं.

एकदा मी बझरला कापड गुंडाळून आवाज कमी केला. मायनेच ते कापड काढलं. "आयकू नाही आलं अन उशीर झाला तं पुन्हा फेकतीन," ती म्हणाली.

दिवाळीनंतर गावात मंडई भरली. मंडईला आमच्याकडे घरोघर पाहुणे येतात, दुकानं लागतात, नाटकं होतात. भाऊ बायकोला घेऊन आला. बेल पाहून तो भलताच खूश झाला. बाबांना पुन्हा पुन्हा दाबायला लावून त्याने मोबाइलवर व्हिडिओ काढला. "देखो, मेरी बहन ने कबाड से बनाया. पापा बटन दबाते हैं और मम्मी हाज़िर." माय प्रत्येक वेळी दारात येत होती, कारण व्हिडिओत ते यायला हवं होतं. वहिनी हसत होती. तो व्हिडिओ पुष्कळ लोकांना गेला असावा, कारण पुढे कितीतरी दिवस मला ओळखी-अनोळखी लोकांचे शाबासकीचे निरोप येत राहिले.

धान कापून झाला होता आणि घरामागच्या खळ्यावर भारे पडले होते. माय दिवसभर तिकडे असायची. बाबांनी भावाचा हात धरला, माऊस दाखवला, मग बोट मागे खळ्याकडे केलं. भावाला लगेच समजलं.

"तिथं आयकू जात नाही म्हनतेत बाबा. वायर वाढव ना वो. तुह्याकडं तं भेंडोळं पडलं आहे."

"माय तिथं काम करते रे. घडीघडी कशी येईन?"

"लकवा मारलेल्या मानसाले तहान लागली तं का करावं त्यानं? आपला बाप आहे."

मी भांडले नाही. लॅनची वायर बाडीतून, सीताफळाच्या झाडावरून खळ्यापर्यंत नेली आणि दुसरा बझर तिथल्या खांबाला बांधला. दुसऱ्या दिवशी भाऊ गोंदियाला गेला. त्या दिवसापासून खळ्यावर बेल वाजायला लागली. कामाला आलेल्या बाया आधी दचकल्या, मग हसायला लागल्या. बेल वाजली की एक जण म्हणायची, "जाय वो बाई, तुह्या नवऱ्याचा फोन आला." दुसरी म्हणायची, "म्हातारपनी लय जीव लागला त्याइचा." माय हातातला भारा टाकून खालमानेने घराकडे चालायला लागायची. पाठीमागून हसणं यायचं. ती परत येईपर्यंत पुन्हा बेल. बाबांना सपरीतून खळं दिसत नव्हतं, पण बायांचं हसणं ऐकू येत असणार. बेल नेमकी तेव्हाच जास्त वाजायची.

एका दुपारी माय परत आली आणि हसणाऱ्यांतली एक बाई तिला म्हणाली, "काऊन, आज लवकर सोडलं?" माय तिच्या जवळ गेली. मला वाटलं काही बोलेल. ती नुसती खाली बसली आणि भारा सोडायला लागली. भाऱ्याची गाठ तिला सुटेना.

पूस महिन्याच्या थंडीत बाबांना दुसरा झटका आला. या वेळी गोंदियाला नेलं नाही. केशोरीचे डॉक्टर घरी आले, तपासलं, आणि आता घरीच सेवा करा म्हणाले. डाव्या हाताचाही जोर गेला. दोन बोटं तेवढी हलायची. माऊस हातात ठेवला की बोट त्या बटनावर टेकायचं आणि दाबायचं. तेवढंच जग त्यांच्या ताब्यात उरलं होतं.

बाबांच्या हातात जोर होता तोवर मायने त्या वायरीला कधी हात लावला नव्हता.

मी तेव्हा केशोरीत आणि आसपासच्या गावांत इन्व्हर्टर, मिक्सर, टीव्ही दुरुस्त करायला जात होते. एक दिवस दुपारी परत आले तर घर फार शांत वाटलं. सपरीत माय खाटेसमोर बसून सुपात तांदूळ निवडत होती. बाबांचं तोंड तिच्याकडे वळलेलं होतं. टक, टक, टक असा बारीक आवाज येत होता. माऊसच्या बटनाचा. बाबांचं बोट खाली जात होतं, वर येत होतं. आत बझर वाजत नव्हता.

"बेल वाजून नाही राहिली वो माय."

"मालूम आहे."

"वायर निघाली अशीन. पाहू दे थांब."

"निघाली नाही. काढली मी."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. डोळे मायवर होते आणि बोट थांबत नव्हतं.

"कायले काढली?"

मायने एक खडा निवडला आणि अंगणात टाकला. "आजवर त्याइनं बलावलं अन मी गेली. जेवत असली तरी गेली, तापानं फणफणत असली तरी गेली. तू पोटात होती तवा बी गेली, दिवस भरले होते तवा बी. आता ते बलावून राहिले अन मी बसून राहिली. दूर नाही बसली. इथंच बसली, त्याइच्या डोळ्यासमोर."

"पण काही पाह्यजे अशीन त्याइले."

"अशीन."

"मंग दे ना."

"देईन. माह्या मनात येईन तवा देईन."

तिचा आवाज चढलेला नव्हता. ती दुसऱ्या कुणाच्या घरची हकीकत सांगावी तशी बोलत होती. मी आत जाऊन पाहिलं. वायर तोडलेली नव्हती, बझरच्या जोडातून नीट सोडवून घेतली होती. मी किती वेळा तिच्यासमोर ती लावली-काढली होती. तिने पाहून ठेवलं होतं.

मी वायर पुन्हा लावायला लागले तेव्हा ती दारात आली. "जोड," ती म्हणाली. "मी नाही म्हनत नाही. पण मंग तूच ऊठजो. मी आता उठत नाही."

मी बझर माझ्या खोलीत नेला. संध्याकाळी टीं वाजलं. मी हातातलं काम टाकून सपरीत गेले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या मागे पाहिलं, दाराकडे. मी विचारलं, "पाणी पाह्यजे का बाबा? कूस बदलवू?" त्यांनी डोळे मिटून घेतले. माऊसवरचं बोट उचलून बाजूला ठेवलं. तेवढंच करता येत होतं त्यांना, ते त्यांनी केलं.

त्यानंतर बेल वाजली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्यानंतरही नाही. पहिल्यांदा मला वाटलं बॅटरी उतरली. मी माऊस हातात घेऊन दाबून पाहिला, खोलीत आवाज आला. बाबा माझ्याकडे पाहत होते. त्यांची चादर खालून पूर्ण ओली होती. किती वेळची होती कोण जाणे, कडा वाळून पिवळ्या झाल्या होत्या.

"बेल काऊन नाही दाबली बाबा?"

ते पाहत राहिले. ती नजर मी ओळखत होते. ट्रॉलीतून डबे उतरताना याच नजरेने पाहिलं होतं. मायने यावं म्हणून ते बेल दाबत होते. मी येणार असेन तर ते ओल्यात पडून राहायला तयार होते. मी चादर बदलली. खाली पाठीला जखम झालेली दिसली, रुपयाएवढी, कडा काळ्या. औषध लावताना माझा हात हलका राहिला नाही. त्यांच्या घशातून आवाज आला. मला बरं वाटलं, आणि मग दिवसभर काही खाववलं नाही.

माय तिच्या मर्जीने त्यांचं सगळं करायची. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. भात कालवून तोंडात घालायची. त्यांनी तोंड मिटलं तर दुसऱ्यांदा चमचा पुढे करायची नाही, ताट उचलून आत न्यायची. अंग पुसताना बोलायची नाही. एकदा तिने पुसून झाल्यावर हातात माऊस नीट ठेवला, बोट बटनावर टेकवलं, आणि म्हणाली, "दाबा. तुमची पोरगी येईन." बाबांनी बोट हलवलं नाही. माय ओलं फडकं घेऊन निघून गेली.

भावाचा व्हिडिओ कॉल यायचा. "पापाची बेल चालू आहे ना?" तो विचारायचा. मी फोन बाबांच्या तोंडासमोर धरायचे. तो म्हणायचा, "दबाके दिखाओ पापा." बाबा दाबायचे. त्याच्यासाठी दाबायचे. आत माझ्या रिकाम्या खोलीत टीं वाजायचं, आणि भाऊ म्हणायचा, "बढ़िया." मग दुकानात गिऱ्हाईक आलं की फोन ठेवायचा.

मोहफुलाचे दिवस आले. माय पहाटे मोहफूल वेचायला जायची आणि ऊन चढायच्या आत परतून अंगणात फुलं वाळत घालायची. एक दिवस मला एका गावी कुणाची पाण्याची मोटर पाहायला जायचं होतं. निघताना मी बझर माझ्या खोलीतून काढून अंगणाच्या खांबाला लावला.

"माय, मी जाऊन राहिली. बेल इथं लावली आहे. आजचा दिवस पाह्यजो."

"लाव," ती फुलं पसरत म्हणाली.

मी दुपारी परत आले. फुलं अर्धीच पसरलेली होती, टोपली तशीच कलंडलेली. माय सपरीत खाटेजवळ जमिनीवर बसली होती, पाय लांब करून, एरवी बाबांसमोर ती कधी बसली नाही तशी. मला पाहून म्हणाली, "झालं त्याइचं."

बाबांचे डोळे उघडे होते. हात माऊसवर होता. अंगणाच्या खांबाकडे मी पाहिलं. बझरची वायर सोडवून, गुंडाळून खुंटीला अडकवलेली होती.

"कधी?"

"तू गेली अन वाजली. मी आली. माह्याकडं पाह्यलं त्याइनं. मी म्हटलं, का पाह्यजे? तं पुन्हा वाजवली. मी समोर उभी, तरी वाजवली. पुन्हा वाजवली, पुन्हा वाजवली. मी समोर उभी आहे अन वाजवूनच राहिले. म्हणून मी काढली." तिने पदराने तोंड पुसलं. "मंग नुसते दाबत होते. घसा घरघरत होता. मी बसली इथं. दाबनं थांबलं तवा समजलं."

"कोनाले बलावलं काऊन नाही?"

"कोनाले बलावू?"

"शेजारी होते. डॉक्टरले फोन करता आला असता."

"हो," माय म्हणाली. "करता आला असता."

मी बाबांच्या हातातून माऊस काढायला गेले. बोटं अजून ऊन होती, पण बटनावरचं बोट वाकलेलं होतं, ते सरळ होईना. माय पाहत होती. शेवटी तीच उठली, माझा हात बाजूला केला, आणि तिने ते बोट हळूच उचलून माऊस सोडवला. तिला त्यांचं अंग माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मग तिने त्यांचे डोळे मिटले आणि मला म्हणाली, "पोऱ्याले फोन कर. अन सांग, झोपेत गेले."

भाऊ संध्याकाळपर्यंत आला. रडला, खाटेवर डोकं आपटलं. त्याने मायला विचारलं, "जवळ होतं का कोनी त्याइच्या?"

"मी होती," माय म्हणाली. "जवळच होती."

जमलेल्या बाया म्हणाल्या की नशीबवान माणूस, शेवटच्या घडीला बायको उशाशी होती. खळ्यावर हसणारी बाईही त्यात होती. ती डोळ्याला पदर लावत होती. मी भिंतीला टेकून ऐकत होते.

तेरवीला भावाने पाहुण्यांना तो मंडईतला व्हिडिओ दाखवला. मोबाइल हातोहात फिरला. बाबा दाबत आहेत, माय दारात येत आहे, वहिनीचं हसणं. पाहुणे म्हणाले, सेवा करावी तर अशी. पंगत उठल्यावर आमच्या गल्लीतली एक बाई माझ्याजवळ आली. तिची सासू कंबर मोडून खाटेला खिळलेली होती आणि दिवसभर ओरडायची.

"मले बी बनवून देशील का वो ते घंटी? ओरडणं तरी थांबन तिचं."

मी काही बोलायच्या आत माय म्हणाली, "बनवून कायले? तेच देऊन टाक. आता आपल्या घरी का काम त्याचं?"

मी आतून बॅटरी, बझर, माऊस आणून तिला दिलं. बॅटरी चार्ज कशी करायची ते सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, माऊस दाबून पाहिला, आवाज ऐकून समाधानाने मान हलवली. मग विचारलं, "अन बंद कुठून करायची?"

"बंद करायचं बटन नाही लावलं मी," मी म्हणाले.

"वायर वढ," माय म्हणाली. "निघते."

ती बाई मायकडे पाहत राहिली. माय पत्रावळी गोळा करत होती. बाईने पिशवी उचलली आणि गेली.

भाऊ मायला गोंदियाला चल म्हणत होता. ती गेली नाही. आता आम्ही दोघीच असतो. मी दुरुस्तीची कामं करते, मागच्या खोलीत अजून पुष्कळ सामान शिल्लक आहे. माय शेताचं पाहते, मोहफूल वेचते, शिवरात्रीला बायांसोबत आमच्या भागातल्या प्रतापगडच्या जत्रेला जाऊन येते. आमचं भांडण होत नाही. त्या दुपारबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

मागच्या पावसाळ्यात ती धानाच्या बांधीत, शेताच्या चिखलात घसरून पडली. फार लागलं नव्हतं, पाय मुरगळला होता. मी पायाला पट्टी बांधत होते तेव्हा ती म्हणाली, "उद्या मी खाटेवर पडली तं तू का करशील?"

"करीन ना मी तुह्यं सगळं."

"मले घंटी नोको लावजो."

"नाही लावत."

"मी तुले बलावनार नाही. तुले यावं वाटलं तं येजो. नाही आली तं नाही." तिने पाय थोडा हलवून पाहिला. "मी बी तं तेच केलं."

मी पट्टीला गाठ मारली. ती घट्ट झाली असावी, कारण तिने ओठ आवळले. मी सैल करायला हात पुढे केला, तर तिने पाय ओढून घेतला आणि भिंतीला धरून उठली. शेतावर माणसं थांबली आहेत, म्हणाली, आणि लंगडत बाहेर गेली.